संसदेवरचे निशाण

श्रोतेहो, ध्वजाला आपल्या मराठीत एक जुना शब्द आहे, निशाण. हा शब्द दुहेरी अर्थाचा आहे. निशाण म्हणजे काठीवर लावलेले वस्त्र आणि निशाण म्हणजे खूण. खूण म्हटली, की कोणाची, हा प्रश्न ओघानेच येतो. शेताच्या बांधावरचा दगड शेताचा धनी सांगतो, पत्रावरची मोहोर पत्र धाडणाऱ्याचे नाव सांगते, तसे निशाण ते ज्या घरावर लागले त्या घराचा धनी सांगते. बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर या नगरांत ज्यांच्या चार-पाच पिढ्या गेल्या, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. संस्थानांचा काळ ज्यांनी पाहिला त्या आपल्या वाडवडिलांना राजवाड्यावरच्या निशाणाचा अर्थ बरोबर कळत असे. जरीपटका पुढे चालला, की मागे कोणाची फौज येत आहे हे विचारावे लागत नसे.

आज मी आपणापुढे ज्या निशाणाविषयी बोलणार आहे, ते दिल्लीला आपल्या संसदेवर फडकणारे निशाण. ते आपण सर्वांनी चित्रात पाहिले आहे, पुष्कळांनी प्रत्यक्षही पाहिले असेल. पण ते घर कोणाचे आणि ते निशाण कोणाची खूण, हा प्रश्न पाहताना आपल्या मनात सहसा येत नाही. जे रोज दिसते त्याचा अर्थ विचारण्याचे आपण विसरतो.

प्रथम परक्या घरी डोकावून पाहू. लंडनला ब्रिटिश पार्लमेंटच्या वास्तूला एक उंच मनोरा आहे, त्यास व्हिक्टोरिया टॉवर म्हणतात. त्यावर युनियन ध्वज असतो. तेथील जुना प्रघात असा, की पार्लमेंटची बैठक असेल त्या दिवशी हा ध्वज चढवावयाचा. तो रोज फडकू लागला २०१० सालापासून. परंतु राजा किंवा राणी पार्लमेंटचे उद्‌घाटन करण्यासाठी स्वतः आली, म्हणजे हा राष्ट्राचा ध्वज खाली उतरतो आणि त्या जागी राजघराण्याचे निशाण चढते. राजाची स्वारी परतली, की पुन्हा राष्ट्राचा ध्वज वर जातो. ज्या सभागृहाने राजसत्तेला वेसण घातली, त्याच्या शिरावर राजाचे निशाण काही घटका तरी मानाने मिरवते. इंग्रज माणूस परंपरेला किती जपतो, याचे हे उदाहरण आहे. त्यात हसण्यासारखे काही नाही.

कॅनडाची रीत निराळी आहे. ओटावाला त्यांच्या संसदेचा शांतिमनोरा आहे. त्यावरचा ध्वज कामकाजाच्या दर दिवशी बदलतात आणि उतरवलेला ध्वज मागणी करणाऱ्या नागरिकाला देतात. ही मागणी एवढी मोठी आहे, की प्रतीक्षायादी शंभर वर्षांच्याही पलीकडे गेली आहे. आज नाव नोंदवणाऱ्याचा ध्वज त्याच्या नातवाच्या किंवा पणतूच्या हाती पडावयाचा! तरीही लोक नावे नोंदवतात. जर्मनीत ३ ऑक्टोबर १९९० च्या मध्यरात्री दुभंगलेले राष्ट्र एक झाले, तेव्हा बर्लिनच्या संसदगृहापुढे सहा मीटर रुंद आणि दहा मीटर लांब असा प्रचंड ध्वज चढवण्यात आला. तो ऐक्याचा ध्वज म्हणून आजही तेथे आहे.

आता आपल्या घरी येऊ. आपल्या संसदेला स्वतःचा असा वेगळा ध्वज नाही. जो ध्वज गावच्या पंचायतीवर, तोच संसदेवर. राष्ट्रपती अभिभाषणासाठी संसदेत येतात तेव्हाही तो खाली उतरत नाही. प्रजासत्ताकाच्या प्रारंभी राष्ट्रपतींना त्यांच्या पदाचा एक स्वतंत्र ध्वज होता. परंतु १५ ऑगस्ट १९७१ पासून तो बंद झाला आणि त्याची जागा राष्ट्रध्वजानेच घेतली. म्हणजे देशातील सर्वोच्च पदावरच्या व्यक्तीलाही आज वेगळे निशाण नाही. मग संसदेवरचे निशाण कोणाच्या वास्तव्याची खूण? वाड्यात राजा आहे हे राजाचे निशाण सांगे. या घरावरचे निशाण सांगते, की या घराचा धनी लोक आहे. तो धनी पाच वर्षांतून एकदा मतपेटीपाशी दिसतो आणि मग आपापल्या कामाला लागतो; पण निशाण त्याचेच.

हे निशाण संसदेला वरून बहाल झालेले नाही. लोकांच्या प्रतिनिधींच्या सभेने ठराव करून ते ठरवले. २३ जून १९४७ रोजी त्यासाठी एक समिती नेमण्यात आली. डॉ. राजेंद्रप्रसाद तिचे अध्यक्ष होते, आणि मौलाना आझाद, राजाजी, सरोजिनी नायडू, कन्हैयालाल मुन्शी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा तीत समावेश होता. पुढे २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीत जवाहरलाल नेहरूंनी ध्वजाचा ठराव मांडला. केशरी, पांढरा आणि गडद हिरवा असे तीन आडवे पट्टे, सारख्या रुंदीचे. मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर गडद निळे चक्र. रुंदीचे लांबीशी प्रमाण दोनास तीन. ठराव इतका नेमका, की शिंप्याने तो वाचून कापड कापावे. ठराव मांडताना नेहरूंनी दोन ध्वज सभेपुढे आणले होते. एक रेशमाचा, दुसरा सुती खादीचा. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. तिच्याकडे मला पुन्हा यावयाचे आहे.

त्या दिवशीची भाषणे आज वाचली तरी मन भरून येते. देशाची फाळणी ठरली होती, पंजाबात रक्त सांडत होते, आणि अशा वेळी राधाकृष्णन, चौधरी खलिकुज्जमान, सादुल्ला, आदिवासींचे जयपालसिंग, अँग्लो-इंडियन समाजाचे फ्रँक अँथनी असे नाना धर्मांचे आणि नाना समाजांचे लोक एका वस्त्राविषयी बोलले. राधाकृष्णन यांनी केशरी रंगात त्याग पाहिला, पांढऱ्यात सत्याचा प्रकाश पाहिला, हिरव्यात मातीशी आणि वनस्पतीशी असलेले नाते पाहिले, आणि चक्रात धर्माची गती पाहिली. नेहरूंनी स्पष्ट केले, की या रंगांना कोणत्याही जमातीचा अर्थ चिकटवावयाचा नाही. समारोपाला सरोजिनीबाई बोलल्या. मग सारी सभा उभी राहिली आणि ठराव संमत झाला.

यापूर्वीच्या काँग्रेसच्या तिरंग्यावर चरखा होता. तो काढून त्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरचे चक्र आले. कारण व्यवहारातले होते. ध्वज दोन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे, आणि चरख्याचे चित्र एका बाजूने सुलटे, तर दुसऱ्या बाजूने उलटे दिसते. चरख्याला एका अंगास चाक, तर दुसऱ्या अंगास चाती. चक्राला असे डावे-उजवे नाही. ठरावात मात्र एक शब्दयोजना मोठ्या विचाराने केलेली आहे. हे चक्र चरख्याचे प्रतीक म्हणून आहे, असे त्यात म्हटले आहे. तरीही चित्रातून चरखा गेल्याचे गांधीजींना वाईट वाटले, आणि ते त्यांनी लपवून ठेवले नाही. त्या थोर पुरुषाच्या मनाला लागलेल्या त्या चुटपुटीला एकच समाधान होते. चरखा चित्रातून गेला. तो कापडात राहिला. कारण ध्वज हाताने कातलेल्या आणि हाताने विणलेल्या खादीचा असावा, असा दंडक पुढे झाला. चित्र डोळ्यांना दिसते, कापडाचा पोत हातालाच कळतो. चरखा डोळ्यांआड झाला, पण हाताला लागत राहिला.

आता १४ ऑगस्ट १९४७ ची रात्र. रात्री अकराला सभा भरली. सुचेता कृपलानी यांनी ‘वंदे मातरम्’ म्हटले. नेहरूंचे ते प्रसिद्ध भाषण झाले. बाराचे ठोके पडल्यावर सभासदांनी उभे राहून प्रतिज्ञा केली. आणि त्यानंतर एक बाई पुढे आल्या. त्या हंसाबाई मेहता. बडोद्याच्या श्रोत्यांना त्यांची ओळख करून देणे म्हणजे सूर्याला दिवा दाखवणे. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या त्या कन्या. पुढे १९४९ साली महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय स्थापन झाले त्याच्या पहिल्या कुलगुरू. हंसाबाईंनी सरोजिनी नायडू यांच्या अनुपस्थितीत भारतीय स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज सभेच्या अध्यक्षांना अर्पण केला. या समारंभात आपले नाव असावे अशी इच्छा दाखवणाऱ्या सर्व जातिधर्मांच्या सुमारे शंभर स्त्रियांची यादी त्यांच्यापाशी होती. या थोर सभागृहावर जो पहिला ध्वज फडकणार तो भारतीय स्त्रियांची भेट असावा हे उचितच आहे, अशा आशयाचे त्या बोलल्या.

श्रोतेहो, हा प्रसंग आपल्या शाळेच्या पुस्तकांत सहसा येत नाही. आपल्याला नियतीशी केलेला करार पाठ असतो. ही भेट आठवत नाही. घर बांधून झाले, की वास्तुशांतीच्या दिवशी माहेरचा अहेर येतो. तसा त्या रात्री स्वतंत्र देशाच्या नव्या घराला हा अहेर आला. तो देणाऱ्यांत तुरुंगात गेलेल्या स्त्रिया होत्या, परदेशी कापडाच्या दुकानांपुढे निरोधन केलेल्या स्त्रिया होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी घटना समितीत गव्हर्नर-जनरलांचे भाषण झाले आणि तोफेचा आवाज आला. सभागृहाच्या छपरावर ध्वज चढवण्याची ती इशारत होती. १९२७ साली ज्या इमारतीचे उद्‌घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले, १९२९ साली ज्या इमारतीत भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बहिऱ्या कानांना ऐकू जावे म्हणून बाँब टाकला, तिच्यावर आता आपले निशाण लागले.

परंतु दिल्लीत तोफ झाली, त्याच दिवशी सगळीकडे असे झाले नाही. हैदराबादच्या श्रोत्यांना हे ठाऊक आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वामी रामानंद तीर्थ यांनी हैदराबादेत हाच ध्वज फडकावला आणि त्याबद्दल त्यांना अटक झाली. दिल्लीत ज्या वस्त्राला तोफेची सलामी, त्याच वस्त्राबद्दल हैदराबादेत कैद! तेथील लोकांना आणखी तेरा महिने वाट पाहावी लागली; १७ सप्टेंबर १९४८ हा त्यांचा मुक्तिदिन. गोमंतकाची वाट तर चौदा वर्षांची झाली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो निःशस्त्र सत्याग्रही तिरंगा घेऊन गोव्याच्या सीमेत शिरले. पोर्तुगीज सैनिकांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे मेली. पत्रादेवीला पंजाबचा तरुण कर्नेलसिंग पडला. सागरकडच्या सहोद्राबाई राय ध्वज हाती घेऊन पुढे होत्या. त्यांच्या हाताला गोळ्या लागल्या.

या दोन माणसांचे पुढे काय झाले ते पाहा. ध्वज लावला म्हणून कैदेत गेलेले स्वामी रामानंद तीर्थ १९५२ साली गुलबर्ग्यातून आणि १९५७ साली औरंगाबादेतून लोकसभेवर निवडून गेले. ध्वज धरला म्हणून गोळ्या झेललेल्या सहोद्राबाई १९५७ साली सागरहून लोकसभेत गेल्या. ज्या निशाणासाठी त्यांनी सोसले, त्याच निशाणाखाली जाऊन ती दोघे बसली. संसदेवरच्या ध्वजाचा याहून सरळ अर्थ मला सांगता येणार नाही. १९ डिसेंबर १९६१ नंतर गोव्याचे प्रतिनिधीही त्याच निशाणाखाली येऊन बसले. निशाण आधी रस्त्यावर हातात धरले गेले, मग छपरावर चढले. हा क्रम आपण विसरू नये.

या ध्वजाला मानाचे नियम आहेत. केशरी पट्टा नेहमी वर. चढवताना झरझर चढवावा. उतरवताना सावकाश, सन्मानाने उतरवावा. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती किंवा पंतप्रधान यांचे निधन झाले, की देशभर तो अर्ध्यावर येतो. लोकसभेच्या अध्यक्षांचे किंवा सरन्यायाधीशांचे निधन झाले, तर दिल्लीत येतो. आपल्या पहिल्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांचे घराणे रत्नागिरीकडचे, जन्म बडोद्याचा. १९५६ साली ते अध्यक्षपदावर असतानाच वारले. ध्वज अर्ध्यावर आणण्याची रीतही मोठी सूचक आहे. तो एकदम अर्ध्यावर चढवत नाहीत. आधी थेट टोकापर्यंत नेतात आणि मग अर्ध्यावर आणतात. संध्याकाळी उतरवण्यापूर्वी पुन्हा टोकापर्यंत नेतात. शोक करावयाचा तोही पूर्ण उंची गाठून करावयाचा, असा त्या रीतीचा भाव असावा.

आता मी मघा बाजूला ठेवलेल्या कापडाकडे येतो. आपल्या देशात वस्तूंच्या गुणवत्तेची मानके ठरवणारी संस्था १९४७ साली स्थापन झाली. सिमेंट, पोलाद, विजेच्या तारा, दुधाची पावडर अशा हजारो वस्तूंना तिने मानके लावली. यांतले क्रमांक एकचे मानक कशाचे आहे? राष्ट्रध्वजाचे. ते १९५१ साली तयार झाले, १९६८ साली त्यात दुरुस्ती झाली. कापडाचे वजन किती, सूत किती बळकट, रंग उन्हात आणि पाण्यात किती टिकला पाहिजे, शिवण कशी, हे सारे त्यात आहे. ध्वजाची नऊ मापे ठरलेली आहेत. सर्वांत मोठा सहा हजार तीनशे गुणिले चार हजार दोनशे मिलिमीटर, सर्वांत लहान टेबलावर ठेवण्याचा दीडशे गुणिले शंभर मिलिमीटर.

आणि हे वस्त्र तयार कोठे होते? बेळगाव-धारवाडच्या श्रोत्यांनी आता कान द्यावेत. धारवाडजवळचे गरग आणि बागलकोटजवळचे तुळसीगेरी या गावांच्या मागावर ध्वजाचे कापड विणले जाते. हुबळीच्या बेंगेरी भागात १ नोव्हेंबर १९५७ रोजी स्थापन झालेल्या कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघात त्याचे ध्वज होतात, आणि तेथून ते देशभर जातात. ग्वाल्हेरचा मध्य भारत खादी संघ आणि नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती याही ध्वज तयार करतात. म्हणजे दिल्लीच्या आकाशात जे फडकते, त्याचे धागे आपल्याच आसपासच्या गावांतून निघतात. आणि काखेत कळसा असून आपण गावाला वळसा घालतो.

या कामाच्या पायऱ्या सहा. सूत कातणे, कापड विणणे, धुऊन रंगवणे, चक्र छापणे, शिवणे आणि शेवटी दोरी व लाकडी खिट्टी बसवणे. चक्र छापण्याचे काम सर्वांत नाजूक. चोवीस आऱ्यांचे ते चक्र कापडाच्या दोन्ही बाजूंना छापावयाचे, आणि एका बाजूची आरी दुसऱ्या बाजूच्या आरीवर नेमकी बसली पाहिजे. केसाएवढा फरक पडला, की तो तुकडा बाद. ज्या अडचणीमुळे चरखा गेला ती अडचण, दोन्ही बाजू सारख्या असण्याची, रोज या कारागिरांच्या बोटांखाली सोडवली जाते. आणि बेंगेरीला ही बोटे बहुतेक स्त्रियांची आहेत. सभागृहावरचा पहिला ध्वज भारतीय स्त्रियांची भेट होता, हे मघा सांगितले. त्यानंतर किती ध्वज अशा स्त्रियांच्या हातून शिवले गेले असतील, याची मोजदाद कोणी केली आहे? त्यांची नावे कोणत्याही यादीत नाहीत.

आता मनाला टोचणारी गोष्ट सांगितली पाहिजे. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली. तोवर ध्वज हातकताईच्या आणि हातविणीच्या कापडाचाच असावयाचा. आता तो यंत्रावर तयार झालेला आणि पॉलिएस्टरचाही चालतो. बेंगेरीच्या संघाने यास विरोध नोंदवला. कारण उघड आहे. यंत्र एका दिवसात जेवढे ध्वज ओतून देईल तेवढे करण्यास या बायांना महिनेच्या महिने लागतील, आणि किमतीत तर खादी त्यापुढे उभीच राहू शकणार नाही.

परंतु दुसरी बाजू ऐकून घेतली पाहिजे, आणि तीही पोकळ नाही. एक काळ असा होता, की सामान्य नागरिकाला आपल्या घरावर राष्ट्रध्वज वर्षातून मोजक्या दिवशीच लावता येई. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता आली आणि हे बंधन सुटले. जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की सन्मानपूर्वक राष्ट्रध्वज लावणे हा नागरिकाचा मूलभूत हक्कच आहे. २०२२ च्या जुलैपासून तो आपल्या घरावर रात्रीही ठेवता येतो. त्या वर्षी ऑगस्टमध्ये घरोघरी ध्वज लावण्याची मोहीम झाली. आता कोट्यवधी घरांना खादीचे ध्वज कोठून पुरवावेत? आणि ज्याच्या खिशात वीस रुपये आहेत त्याला, तुला खादी परवडत नाही म्हणून तुझ्या झोपडीवर ध्वज नको, असे कोणत्या तोंडाने सांगावे? धनी लोक आहे असे मी मघा म्हटले. धन्यालाच त्याचे निशाण महाग करून ठेवणे हा न्याय नव्हे. झोपडीवरचे पॉलिएस्टरचे निशाणही निशाणच आहे, आणि ते लावणाऱ्याचा मान मुळीच कमी नाही.

मग मार्ग कोणता? माझे नम्र मत असे, की घर आणि संसदगृह यांत भेद करावा. आपल्या देवघरात पितळेची मूर्ती असो वा मातीची, पूजा सारखीच. परंतु गावच्या देवळाचा कळस गावाने मिळून चढवावयाचा असतो, आणि तेथे स्वस्ताई पाहत नाहीत. संसद ही साऱ्या देशाची वास्तू. तिच्यावर एका वेळी लागणारा ध्वज एकच. तो ऊनपावसात विरतो आणि बदलावा लागतो, तरी वर्षाकाठी त्याला लागणारे कापड ते किती! तेवढे तरी हाताने कातलेले, हाताने विणलेले असावे, आणि तसा स्पष्ट नियम संसदेनेच स्वतःसाठी करावा. विधिमंडळे, उच्च न्यायालये, जिल्हाधिकारी कचेऱ्या यांनीही तो आपल्यापुरता पाळावा. कोट्यवधी घरांना पुरवठा करणे मागाला जमणार नाही; पण सार्वजनिक इमारतींना पुरवठा करणे त्याला जमते, हे त्याने इतकी वर्षे करून दाखवले आहे. एवढे झाले, तर तुळसीगेरीचे माग बंद पडणार नाहीत आणि बेंगेरीच्या बायांच्या हाती काम राहील.

कोणी म्हणेल, की हा निव्वळ भावनेचा प्रश्न आहे. मी म्हणतो, ध्वज हा सगळाच भावनेचा प्रश्न आहे. हिशेबाने पाहिले, तर तो चार हात कापडाचा तुकडा. त्याला किंमत येते ती त्यामागच्या करारामुळे. २२ जुलै १९४७ ला सभा उभी राहिली तेव्हा तिने ठरावात चरख्याचा शब्द मुद्दाम ठेवला. त्या शब्दाला आधार होता कापडाचा. चरखा चित्रातून गेला तेव्हा आपण म्हटले, कापडात आहे. कापडातूनही गेला, तर तो आहे कोठे, या प्रश्नाला आपल्याला उत्तर द्यावे लागेल. आणि हा प्रश्न संसदेच्या छपरावरून विचारला जाईल, तेव्हा तो टाळता यावयाचा नाही.

आज संसदेची वास्तू बदलली आहे. जुन्या गोल इमारतीला आता संविधान सदन म्हणतात. १७ सप्टेंबर २०२३ रोजी उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांच्या हस्ते नव्या संसद भवनाच्या गजद्वारावर राष्ट्रध्वज चढला, आणि दोन दिवसांनी तेथे कामकाज सुरू झाले. तारीख हैदराबादच्या मुक्तिदिनाचीच यावी, हा योगायोग मला सुखाचा वाटला. जेथे एके काळी या ध्वजासाठी कैद होती, त्या मुलखाचीही आठवण त्या दिवसात आपोआप मिसळली.

शेवटी एक लहानशी आठवण सांगून मी आपली रजा घेतो. आमच्या लहानपणी सीमाभागातल्या आमच्या शाळेत खादीचा एक जुना ध्वज होता. शाळेचे शिपाईमामा स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या संध्याकाळी तो पेटीतून काढीत, ओसरीवर पसरीत आणि चष्मा लावून त्याची शिवण तपासत. कोठे दोरा सुटला असेल, तर घरून पत्नीला बोलावून घेत, आणि ती माउली तेथेच बसून चार टाके घाली. मग दोघे मिळून त्याची घडी करीत, मध्ये झेंडूच्या पाकळ्या ठेवीत. सकाळी दोरी ओढली, पाकळ्या खाली पडल्या, की आम्ही मुले टाळ्या वाजवत असू. ती बाई त्या वेळी समारंभात नसे. ती घरी भाकऱ्या थापत असे.

संसदेवरचे निशाण पाहताना मला हटकून ती बाई आठवते. निशाण कोणाची खूण, या प्रश्नाचे उत्तर त्या चार टाक्यांत आहे. आपण कधी दिल्लीला गेलात आणि ते निशाण वाऱ्यावर उलगडलेले पाहिलेत, तर नमस्कार जरूर करावा. पण त्याबरोबर ते विणणाऱ्या आणि शिवणाऱ्या हातांचीही क्षणभर आठवण करावी. त्या घराचे धनी तेही आहेत.